बेटावर इस्त्री टिकत नाही

तीर्थस्वरूप अक्का हिच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात इथल्या फरशीवर आडवं पडलं तर सदरा फरशीला चिकटतो आणि सोडवायला दुसरा माणूस लागतो.)

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या भाचीनं सांगितलेलं तेल रोज चोळतेस ना, की बाटली फळीवर ठेवून ‘लावलं बाई’ म्हणतेस? मी तिला काही बोललेलो नाही. ती डॉक्टर आहे, तिला तसंही कळतं. शिवाय तिला तूच वाढवलंस, त्यामुळे तुझ्या थापा ती पाळण्यापासून ओळखते. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे ओले, पण खुशाल.

तुझं पत्र मंगळवारच्या बोटीनं आलं. पाकीट इतकं दमलं होतं की तिकीट त्याला सोडून भलत्याच पत्राबरोबर गेलं. आत तू लिहिलंयस की शेजारचा सलूनवाला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं म्हणतो, आपल्या दुकानाची किल्ली त्याला द्यायची की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळव, आणि कळवायचं ते एका ओळीत कळव, पाल्हाळ नको. अक्का, उत्तर एका ओळीचंच आहे. पण कपड्यावर इस्त्री फिरवायच्या आधी पाणी शिंपडावं लागतं हे मी तुला सांगायचं का? चाळीस वर्षं आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मी इस्त्री करायची आणि तू घडी घालायची. तेव्हा थोडं पाणी शिंपडू दे, मग ओळ लिहितो. ठरलं होतं ते मला आठवतंय. तीन महिने लेकीकडे राहून बघायचं, जमलं नाही तर परत यायचं, तोवर दुकानाला कुलूप आणि किल्ली तुझ्या कनवटीला. तीन महिने याच महिन्यात भरतात, हेही आठवतंय.

आता पहिल्या दिवसापासून सांगतो. निघताना माझ्या अंगावर जो पांढरा सदरा होता त्याला खळ तू केली होतीस आणि इस्त्री मी. बाहीच्या धारेनं काकडी कापली असती. बोटीत तीन तास मी पाठ टेकली नाही. शेजारच्या बाईंना वाटलं मला बसायचा काहीतरी त्रास आहे, त्यांनी गुपचूप आपली उशी माझ्याकडे सरकवली. बोट धक्क्याला लागेपर्यंत सदरा शाबूत होता. मग दार उघडलं आणि हवा आत आली. आपल्याकडे हवा नाकात जाते आणि बाहेर येते, एवढंच तिचं काम. इथली हवा येऊन अंगावर बसते आणि उठायचं नाव घेत नाही. फळीवरून उतरून लेकीपर्यंत वीसेक पावलं असतील, तेवढ्यात कॉलरनं मान टाकली, बाह्यांनी धीर सोडला आणि छातीवरची धार कुठे होती हे मलाच सांगता येईना. मला वाटलं होतं पोर मला बघून रडेल. ती इतकी हसली की जावईबापूंना माझी पेटी एकट्यानं उचलावी लागली.

घर चांगलं आहे, इस्पितळाच्या आवारातच. चार खोल्या, वर पत्रा, पुढे रुंद ओसरी. फक्त घरातली एकही वस्तू आपल्या स्वभावाप्रमाणे वागत नाही. मीठ बरणीतून पडत नाही, त्याला चमच्यानं खणावं लागतं. काडेपेटीतली काडी ओढली की नुसती लाजते. वर्तमानपत्राचा आवाज येत नाही. माझे काळे बूट चौथ्या दिवशी हिरवे झाले. घासून पुसून लख्ख केले तर आठवड्यात पुन्हा हिरवे. जावईबापू म्हणाले, बाबा, पाणी घालू नका, ते आपोआप वाढतात. (जावईबापू बंदराच्या कचेरीत आहेत. बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा चेहऱ्यावरची माशी हलत नाही, त्यामुळे कधी हसायचं ते मला दोन महिन्यांनी कळायला लागलं.)

आणि कपाट. तू घातलेल्या घड्या, प्रत्येक घडीत पातळ कागद, असे दहा सदरे मी कपाटात रचले आणि आपल्या घरच्या शिस्तीप्रमाणे दार घट्ट लावून किल्ली फिरवली. सहाव्या दिवशी उघडलं तर दहाच्या दहा सदऱ्यांना देवी आलेल्या. आपण आयुष्यभर झाकून ठेवलं ते टिकलं, इथे झाकलं की गेलं. लेकीच्या कपाटाला दारच नाही, ते काढून त्यांनी त्याचं जेवणाचं टेबल केलंय, आणि आत दिवसरात्र एक बल्ब जळत असतो. कपडे परीक्षेच्या अभ्यासाला बसलेत असं वाटतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बटण बंद केलं आणि वर विजेच्या उधळपट्टीवर चार शब्द ऐकवले. दुसऱ्या दिवशी लेकीच्या कोटाला असा वास येत होता की इस्पितळात रुग्णांनी तिलाच तब्येत विचारली.

न्हाणीघराचं सांगू की नको असं झालंय, पण दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्यापेक्षा मीच सांगतो. इथे लाकूड फुगतं. न्हाणीघराचं दार पुढे ढकलून नुसतं टेकवायचं असतं, पुरतं लावायचं नसतं. हे मला सांगितलं होतं. पण अक्का, न्हाणीघराचं दार उघडं ठेवून अंघोळ करणारा माणूस आपल्या घराण्यात झाला नाही. मी खांदा लावून दार बसवलं आणि कडीही घातली. अंघोळ दहा मिनिटांत उरकली, बाहेर यायला दोन तास लागले. सुतार आला तेव्हा तो आधी बाहेरून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसला, कारण घाई केली तर दार तडकतं म्हणे. मग मला कळलं की इथे सगळे जण न्हाणीघरात गाणी म्हणतात ती हौसेनं नव्हे, आत माणूस आहे हे कळावं म्हणून. आता मला गाणं कुठलं येतंय? मी पाढे म्हणतो. दोनपासून सुरू करतो आणि अंघोळीच्या मानानं पुढे जातो. गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. परवा मास्तरीणबाई म्हणाल्या, आज एकोणतीसपर्यंत गेलात, डोक्यावरून पाणी घेतलंत वाटतं.

मास्तरीणबाई म्हणजे पलीकडच्या घरातल्या. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी आवाज अजून नोकरीत आहे. त्यांची गोष्ट पुढे येते, त्याआधी खळीची गोष्ट.

इथे कुणीच इस्त्री करत नाही. बँकेचा मॅनेजर चुरगळलेला, शाळेचा मुख्याध्यापक चुरगळलेला, इस्पितळाचे मोठे डॉक्टर तर रात्रभर अंगाखाली घेऊन झोपलेत असा शर्ट घालून राउंडला येतात. लेकीच्या घरात इस्त्री आहे, पण ती खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून मध्ये अडकवलेली. मला किती लागलं असेल ते तूच समज. ज्या हातानं आपण तिला शाळेत पाठवताना फ्रॉकची पट्टी न पट्टी बसवली तिच्या घरात इस्त्रीची ही अवस्था. मी ठरवलं, बेट सुधारायचं. निदान घर. एका सोमवारी दोघं कामावर गेल्यावर पातेलंभर तांदळाची खळ शिजवली आणि पडदे, चादरी, अभ्रे, जावईबापूंच्या कचेरीच्या विजारी सगळ्यांना दिली. इस्त्री खिडकीतून सोडवली. (खिडकी आपटून काच गेली, तो विषय वेगळा.) संध्याकाळी घर असं दिसत होतं की माझेच डोळे भरून आले. अभ्रा गालाला लागला की ओरखडा उठेल, असा कडक.

मंगळवारी सकाळी मुंग्या आल्या. रांगेनं आल्या, शिस्तीत आल्या, पडद्यांवर चढल्या. शिजवलेला भात आडवा वाढला काय आणि उभा टांगला काय, मुंगीला सारखंच. मग झुरळं आली. बुधवारी चादरीला भोकं पडली. जावईबापू मंगळवारी कडक विजार घालून कचेरीत गेले आणि वेताच्या खुर्चीत बसले. दमट हवेत खळीची पुन्हा पेज होते हे मला कोण सांगणार? दुपारी साहेबांनी बोलावलं तेव्हा ते उठले आणि खुर्चीही उठली. संध्याकाळी घरी आले तर विजारीच्या मागे वेताची नक्षी छापलेली होती. मला म्हणाले, बाबा, धार मात्र शेवटपर्यंत सरळ होती. त्या माणसाला आपली पोर दिली हे आपण बरं केलं.

आता पावसाची सर. इथे सर येते ती विचारून येत नाही, दिवसातून चारदा येते आणि पाच मिनिटांत जाते. ती टेकडीवरून उतरताना पहिल्यांदा मास्तरीणबाईंना दिसते, कारण त्यांचं घर उंचावर आहे. मग त्या पत्र्याचा डबा वाजवतात. डबा वाजला की गल्लीत जो कुणी घरी असेल त्यानं जवळ असेल त्या दोरीवरचे कपडे ओढायचे, कुणाचे आहेत ते बघायचं नाही, आणि संध्याकाळी मास्तरीणबाईंच्या ओसरीवर सगळ्यांनी जमून आपापले शोधून न्यायचे. ही रीत आहे. ती मला कुणी सांगितली नव्हती, कारण ती त्यांना सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. मी ओसरीवर बसलो होतो, कुठेतरी डबा वाजला, आणि बघतो तर बनियन आणि अर्ध्या चड्डीतला एक आडदांड माणूस आपल्या आवारात शिरून लेकीचे कपडे दोरीवरून ओरबाडतोय. माझ्या अंगात वीस वर्षांचा मुलगा शिरला. मी धावलो, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणालो, चल, तुला पोलिसात देतो. तो शांतपणे म्हणाला, “जाऊ या, पण आधी चादर ओढा, भिजतेय.” चादर ओढून झाल्यावर आम्ही चौकीवर गेलो. तिथल्या हवालदारानं उठून त्याला सलाम ठोकला. मी धरलेला चोर इथला फौजदार होता, त्याची सुट्टी होती, आणि तो बिचारा माझी तक्रार लिहून घ्यायलाही तयार होता.

त्या संध्याकाळी मास्तरीणबाईंच्या ओसरीवर मी जे बघितलं त्यानं माझी झोप उडाली. बेटावर कापडाचं दुकान एक. त्यामुळे सगळ्यांकडे तीच निळी फुलं, त्याच पट्ट्या, तेच पांढरं. लोक ढिगातून अंदाजानं उचलत होते. फौजदाराच्या बायकोनं एक परकर वर धरून विचारलं, हा माझा का? आणि मास्तरीणबाई म्हणाल्या, मागच्या आठवड्यात तुझा होता, या आठवड्यात मी नेते. अक्का, आपल्या दुकानात दोनशे घरांचे कपडे यायचे आणि चाळीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही. माझ्यातला व्यावसायिक गप्प कसा बसेल?

पेटीत आपल्या खुणेच्या शाईची बाटली होती. मी गल्लीतल्या सोळा घरांना जाहीर केलं की उद्यापासून हा गोंधळ बंद. सगळ्यांनी कपडे आणून दिले. (इथली माणसं कशालाही नाही म्हणत नाहीत. हा त्यांचा मोठा दोष आहे.) नव्या खुणा कशाला शोधायच्या म्हणून मी आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांच्या खुणा वापरल्या, गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणलं की खूण हात आपोआप काढायचा. फौजदाराच्या मिशा आपल्या वकीलसाहेबांसारख्या, म्हणून त्याला वकीलसाहेबांची खूण. मास्तरीणबाईंचा आवाज आपल्या पोस्टमास्तरांच्या आईसारखा, म्हणून त्यांना ती. मुख्याध्यापकांना औषधवाल्याची, कारण दोघंही ऐकताना एक डोळा मिटतात. अशी सोळा घरं, तीनशेच्यावर कपडे, दोन दिवस मान वर केली नाही. शाई पक्की आहे, उकळली तरी जात नाही, हेही सगळ्यांना अभिमानानं सांगितलं.

मग सर आली, डबा वाजला, संध्याकाळी ढीग पडला. मी खुर्ची टाकून बसलो, पहिला शर्ट उचलला, कॉलर उलटी केली. दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि अक्का, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की चाळीस वर्षं खूण मी करत होतो, पण ती कुणाची हे लक्षात तू ठेवत होतीस. तू वही कधी घातली नाहीस. मी विचारायचो, तू सांगायचीस. दोन ठिपके आणि आडवी रेघ वकीलसाहेबांची की औषधवाल्याची, हे मला आजन्म माहीत नव्हतं आणि ते माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी अंदाजानं वाटप केलं. दुसऱ्या दिवशी फौजदार ड्यूटीवर गेले ते मुख्याध्यापकांच्या शर्टात, बटणं छातीवर नुसती टेकलेली. मुख्याध्यापक कुणाच्या शर्टात होते ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, फक्त त्याच्या बाह्या त्यांच्या बोटांच्या पुढे होत्या. पूर्वी निदान लोक अंदाज करत होते, आता प्रत्येक कपड्यावर पक्क्या शाईत एक खूण होती आणि ती वाचणारा माणूस बेटावर नव्हता. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. हसले, आणि दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या बायकोनं मुद्दाम चहाला बोलावलं. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं. घरी येऊन मी लेकीला म्हणालो की पोरी, माझं इथे काही काम नाही, आणि आहे ते मी बिघडवतो. तिनं माझ्या ताटात वाढलं आणि बराच वेळ वाढतच राहिली. त्या रात्री खरं सांगतो, मला आपलं टेबल आठवलं, त्यावरचं जळकं ब्लँकेट आठवलं आणि पलीकडच्या बाजूला तू. एकट्यानं झोप लागेना.

सोमवारी पिशवी भरली आणि बोटीची चौकशी करायला धक्क्यावर गेलो. कप्तान तिथेच उभे होते. म्हणाले, उद्याचीच फेरी घ्या, ती माझीही शेवटची आहे. तीस वर्षं बोट चालवून ते निवृत्त होत होते, मोठे साहेब सत्काराला येणार होते. बोलताना ते आपल्या पांढऱ्या गणवेशाची बाही तळहातानं सरळ करत होते. नुसती सरळ करत होते, ती पुन्हा दुमडत होती, पुन्हा सरळ करत होते. ते बघून मला राहवेना. मी म्हणालो, उद्या हा मी करून देतो.

आता विचार कर. खळ नाही, कारण मुंग्या. घरी करून आणायचा नाही, कारण मी जावईबापूंच्या शर्टावर घड्याळ लावून बघितलं होतं, इथे इस्त्रीची धार चाळीस मिनिटं जगते. तेव्हा इस्त्री धक्क्यावरच करायची आणि अंगात घालायच्या क्षणी करायची. तिकिटाच्या खिडकीत टेबल आहे आणि प्लगही आहे. मंगळवारी दुपारी मी तिथे जाडी घोंगडी अंथरली, कप्तानांना आडोशाला उभं केलं आणि नुसत्या पाण्यावर, आपल्या हातानं, जीव ओतून इस्त्री केली. गरम गरम अंगात घातला. ते बाहेर आले आणि धक्क्यावरची माणसं वळून वळून बघायला लागली. त्यांची बायको मला म्हणाली, लग्नानंतर आजच बघितले असे. मोठ्या साहेबांचं भाषण तासभर चाललं. चाळिसाव्या मिनिटाला धार गेली, पण फोटो पंधराव्याला निघाला होता.

तोवर खिडकीसमोर रांग लागली होती. पलीकडच्या किनाऱ्यावर मुलाखतीला निघालेला एक जण, मुलगी बघायला निघालेलं एक कुटुंब, परीक्षेला निघालेली एक नर्स. मी म्हणालो एवढे चार करतो. चार झाले, सहा झाले. भोंगा वाजला तो मी ऐकला, पण हातात बाही होती आणि बाही अर्धी टाकून कुणी जातं का? मान वर केली तेव्हा बोट निम्म्या पाण्यात होती. माझी पिशवी आत होती, मी बाहेर. पिशवी शुक्रवारी परत आली. तिच्या आतलं सगळं हिरवं झालं होतं.

तर अक्का, एवढ्या अनुभवानंतर माझं उत्तर अगदी स्पष्ट आहे. हे बेट इस्त्रीवाल्या माणसासाठी नाही. इथे कापूस कापसासारखा वागत नाही आणि केलेलं काम तासभरही टिकत नाही. किल्ली सलूनवाल्याला देऊ नकोस. मी येत्या मंगळवारच्या बोटीनं निघतो. ही तुझी एक ओळ.

लेकीचा आणि जावईबापूंचा तुला नमस्कार. गुडघ्याला जप, आणि मी येईपर्यंत जिन्याची खेप एकच कर.

तुझा धाकटा

ता.क. मंगळवारी जमेल असं वाटत नाही. नर्सची तोंडी परीक्षा मंगळवारी आहे, तिला मी शब्द दिलाय. शुक्रवारी निघतो.

ता.क. दुसरा. शुक्रवारी नवीन कप्तान रुजू होतोय आणि त्याचा गणवेश मी बघितला. तसाच रुजू झाला तर बेटाची अब्रू जाईल. शिवाय धक्क्यावर मला आता टेबल दिलंय, त्याच्यावर कुणी तिकिटं ठेवत नाही. इथली मंडळी मला कडकबाबा म्हणतात. केलेलं काम टिकत नाही असं मी वर लिहिलंय ते खोडत नाही, पण त्यात एक सोय आहे. टिकत नाही म्हणून ती परत येतात.

ता.क. तिसरा. किल्ली देऊन टाक. माणूस चांगला आहे, भिंत पाडताना फक्त आपली पाटी सांभाळून काढ म्हणावं. मोठी पितळी इस्त्री आणि जळकं ब्लँकेट तेवढं बाजूला ठेव. इस्त्री तू उचलायची नाही, सलूनवाल्याला गाडीत ठेवायला सांग. कुठल्या गाडीत, ते खाली येतं.

ता.क. चौथा. इस्त्री मी करतो गं, पण घडीचं काय? मी घातलेल्या घडीला इथे गाठोडं म्हणतात. लांब जाणाऱ्यांना कपडे घडी करून पिशवीत हवे असतात आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कुणी नाही. मी अजून सवयीनं इस्त्री केलेला कपडा समोर सरकवतो आणि तो खाली पडतो. परवा तीनदा पडला. शिवाय गल्लीतले तीनशे कपडे अजून तसेच आहेत. दोन ठिपके आणि आडवी रेघ कुणाची, हे फक्त तुला माहीत आहे. ते पत्रानं कळवू नकोस. दमट हवेत शाई पसरते, वाचता येणार नाही. तोंडीच सांगावं लागेल.

ता.क. पाचवा. पाण्यावर तरंगणाऱ्या गोष्टीवर तुझा विश्वास नाही, हे मी जुन्या कप्तानांना सांगितलं. ते म्हणाले, आमचाही सुरुवातीला नव्हता. ते स्वतः गाडी करून तुला घ्यायला येणार आहेत, प्रवासी म्हणून तुझ्या शेजारी बसतील. पाणी दिसणार नाही अशी मधली बाकडी बघून ठेवलीत. लेक दोन दिवसांसाठी म्हणून तुझ्या ओटीत दिली होती आणि तू तिला तीस वर्षं सांभाळलीस, तेव्हा आताही दोन दिवसांसाठीच ये.

ता.क. सहावा आणि शेवटचा, कागद संपला. मागची खोली रिकामी केलीय. तुझ्या कपाटाचं दार मीच काढलं आणि आत बल्ब लावला. न्हाणीघराचं दार सुताराकडून तासून घेतलंय, तरी पुरतं लावू नकोस. तुला पाढे येत नाहीत हे मला माहीत आहे, शाळेत तुझे मीच म्हणायचो. तू नुसता दोनाचा म्हण, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, दोनाचाच पाढा परत परत ऐकू आला की समजायचं, आत आपली अक्का आहे.